आईशी कुठल्या भाषेत बोलायचं

बिदरला जाऊन किल्ला न पाहता परत आलेली मी बहुधा पहिलीच. पुण्यात पाऊल ठेवल्यापासून भेटेल तो हेच विचारतो, किल्ला कसा आहे? मी सांगते, बाहेरून बराच मोठा आहे. मग समोरच्याचा चेहरा पडतो, आणि मला मुडबीची गोष्ट सांगायला वाव मिळतो. तीच आता नीट लिहून काढते, म्हणजे दर वेळी चहा गार होणार नाही.

माझं काम मेंदूचं, आणि मेंदूतही भाषेचं. लकवा मारून गेलेल्या माणसाची वाचा कुठे अडली आहे, डोक्यात काय शाबूत आहे आणि सरावाने काय परत आणता येईल, हे आम्ही शोधतो. त्यासाठी चित्रांची कार्डं असतात. कांदा, झाडू, कंदील, बैल. माणसाने नाव सांगायचं, किंवा आम्ही नाव घेतलं की बोट ठेवायचं. दिसायला बालवाडी, पण त्यातून पुष्कळ कळतं. ही चाचणी पुण्या-साताऱ्याकडच्या म्हाताऱ्यांवर छान चालते. जिथे एकाच घरात मराठी, कन्नड आणि दखनी सुखाने नांदतात, तिथे ती चालेल का, हे पाहायला मी ऐन हुरड्याच्या दिवसांत कर्नाटकाच्या सीमेवर गेले. ती चालणार याची मला खात्री होती. मला खात्री नेहमीच असते, घरचे त्याला वेगळं नाव देतात.

गाणगापूर

गाणगापूर कामात बसत नव्हतं. पण सासूबाई म्हणाल्या, तिकडे जातेच आहेस तर एवढी माधुकरी मागून ये. त्यांच्यापुढे माझी खात्री चालत नाही, म्हणून आधी तिथे उतरले.

कर्नाटकात आलोय हे गाणगापुरात लक्षात येईपर्यंत निघायची वेळ होते. लॉजवाला मराठी, हारवाला मराठी, चहावाल्याने तर बोलण्यावरून माझा जिल्हासुद्धा ओळखला. दुपारी दत्तमहाराज स्वतः भिक्षेला येतात म्हणे, कुठल्या रूपात ते मात्र कळत नाही. म्हणून त्या वेळी निम्मं गाव मागत असतं आणि निम्मं वाढत असतं. आमच्याकडे शेजारून वाटीभर साखर आणली तर संध्याकाळच्या आत परत करायची घाई, आणि इथे मोटारीतून आलेली माणसं झोळी पसरून दारोदार फिरत होती. पहिल्या दारात माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिसऱ्या दारात मी शिऱ्यावर आणखी थोडं तूप मागितलं.

झोळीत जमलेलं घेऊन गल्लीतल्या एका ओट्यावर बसले. शेजारी पन्नाशीचा एक शेतकरी जेवत होता. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. माझ्याकडे चटणी नाही हे पाहून त्याने आपल्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारताच माझ्या भाकरीवर ठेवली. नाव दिगंबर, गाव बसवकल्याण तालुक्यातलं मुडबी. तुम्ही काय करता, असं त्याने विचारलं, मी मेंदू आणि वाचा असं काहीसं सांगितलं, आणि त्याचा घास हातातच राहिला.

"मॅडम, रागावर औषध असतंय का?" त्याने विचारलं.

कुणाचा राग, म्हटलं. मग हकिकत बाहेर आली. त्याची आई सोजरबाई. तिला पुनवेला गाणगापूरला यायचं होतं. शेतात सोयाबीन कापून पडलेलं, वर आभाळ आलेलं, तेव्हा दिगंबर म्हणाला, पुढल्या पुनवेला नेतो. ती काही बोलली नाही. त्याच आठवड्यात तिला झटका आला. तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. कलबुर्गीच्या दवाखान्यात काही दिवस काढून ती घरी आली, हळूहळू चालू लागली, बोलूही लागली. सुनेशी बोलते. शेजारच्या बेगम आपाशी बोलते.

"समद्याशी बोलायलीय. माझ्याशीच न्हाई. मी आलो की भिताडाकडं तोंड करती. कामून, ते मला ठावं हाय. म्हणून दर पुनवेला येऊन माफी मागायलोय."

गावाने आपल्या परीने अर्थ लावलाच होता. पोराने आईला काहीतरी केलं असणार, त्याशिवाय का ती तोंड फिरवते. हे सांगताना त्याने टॉवेल तोंडावरून फिरवला आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. मला फार वाईट वाटलं. पण माझ्यातली संशोधक तिथेही बसून जेवत होती, आणि ती मनात म्हणाली की याचंच खरं असावं. लकव्यामुळे वाचा जाते ती सगळ्यांसाठी जाते. तो माणसं निवडत नाही. सुनेशी बोलणारी बाई मुलाशी बोलत नसेल, तर तो राग. आणि रागाला माझ्याकडे कार्ड नव्हतं.

तरीही मी म्हटलं, चार दिवसांनी बसवकल्याणला येणार आहे, मुडबीला येऊन आईंना पाहते. त्याने लगेच फोन नंबर दिला आणि उरलेली सगळी चटणी मला बांधून दिली.

जनवाडा

कलबुर्गीवरून बिदर, आणि तिथून जनवाडा. आरोग्य केंद्रातल्या विशाखाताईंनी म्हातारी माणसं जमवून ठेवली होती. त्या गावच्याच, बौद्ध कुटुंबातल्या, आणि माझ्याहून मोठ्याने बोलणाऱ्या, त्यामुळे आमचं लगेच जमलं. सकाळी त्यांच्या घरी चुरमुऱ्यांचा सुशीला आणि सोबत मिरचीची भजी. सुशीला आमच्याकडच्या कुणाला मी अजून पटवून देऊ शकलेले नाही. भिजवलेले चुरमुरे म्हटलं की नाकं मुरडतात. त्यांनी एकदा जनवाड्याला जावं.

पहिले बसले विशाखाताईंचे सासरे, मारुतीअप्पा. त्यांची तब्येत ठणठणीत. धडधाकट माणसं चाचणीत काय करतात, हे आधी पाहायचं असतं. मी कांद्याचं चित्र पुढे धरलं. हे काय आहे, अप्पा?

अप्पांनी चित्र पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, "कुणाला सांगायचं हाय?"

मला वाटलं, ऐकायला कमी येत असेल. पुन्हा मोठ्याने विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की तुम्हाला सांगायचं तर कांदा. त्या दारात उभ्या आहेत त्या मल्लम्माला सांगायचं तर उळ्ळागड्डी. आणि गाडीवर भाजी घेऊन येतो त्या पाशाभाईला सांगायचं तर प्याज. मी म्हटलं, कुणालाच सांगायचं नाही, नुसतं नाव सांगा. ते अप्पांना काही केल्या जमेना. कुणाला सांगायचंच नसेल तर बोलायचं कशाला, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. दिवसभर असंच चाललं. प्रत्येकाने आधी ऐकणारा माणूस मागितला. माझी पुण्यातली चाचणी सुशील्यासारखी भिजली. त्यातच विशाखाताईंच्या बकरीने कोबीचं कार्ड खाल्लं आणि आणखी एक प्रश्न कमी झाला.

दुपारी जेवताना मी एक प्रयोग करायला गेले. अप्पांची बायको वाढत होती. अप्पांना म्हटलं, जरा कन्नडमध्ये यांच्याकडे पाणी मागा बघू. अप्पांची कन्नड फर्डी, सकाळी मल्लम्माशी केवढं बोलले होते. त्यांच्या बायकोलाही ती येते. पण अप्पा लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत. बायकोने तोंडाला पदर लावला. चारचौघांत मी काही भलतंच करायला सांगितल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी मराठीतच पाणी मागितलं आणि तेही जरा हळू आवाजात.

विशाखाताई हसून हसून दमल्या. मग म्हणाल्या, "नातं जसं लागतं तशीच भाषा लागती, मॅडम. पहिल्या दिवशी ज्याच्याशी जी बोलला, ती मरंपर्यंत. बदलली तर माणूस बदलल्यासारखं वाटतंय."

आमच्या घरात एकच भाषा. प्रेमाला तीच, भांडणाला तीच, फार तर बँकेत जाताना चार इंग्रजी शब्द. त्यामुळे हे मला सुचणं शक्यच नव्हतं. भाकरीचा तुकडा हातात घेऊन मी बसून राहिले, कारण मला दिगंबरची आई दिसू लागली होती. लकवा माणसं निवडत नाही, हे खरं. पण इथल्या घरांत माणसंच भाषांमध्ये वाटलेली असतात. एक भाषा गेली की तिच्याबरोबर एक माणूस जातो.

मी जेवण सोडून दिगंबरला फोन लावला. आई सुनेशी कुठल्या भाषेत बोलते? कन्नड, तो म्हणाला, बायको हुमनाबादकडची आहे. बेगम आपाशी? आपल्या मुसलमानीत, म्हणजे दखनीत. आणि तुझ्याशी?  आईशी दुसरं काय बोलणार, मराठीच की, म्हणाला.

मुडबी

बसवकल्याणच्या स्टँडवर दिगंबर मोटरसायकल घेऊन उभा होता. दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चाललेली, मध्ये पांढऱ्या ज्वारीचे पट्टे. माझी टोपी एका वळणावर उडाली ती तुरीच्या रानात गेली. थांबा म्हणेपर्यंत आपण बरेच पुढे आलो, असं दिगंबर म्हणाला आणि त्याने वेग वाढवला. एका टोपीसाठी थांबण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

अंगणात उन्हाला बाज टाकलेली. तिच्यावर बसून सोजरबाई डाव्या हाताने अंबाडीची पानं खुडत होत्या. बारीक चणीच्या, डोळे फार चलाख. सून महादेवी चुलीपाशी होती आणि दोघींचं कन्नडमध्ये काहीतरी चाललं होतं. वाक्यं तुटक, शब्द अडखळत, पण येत होते. एवढ्यात दिगंबर गाडी लावून आत आला. सोजरबाईंचा हात थांबला. त्यांनी ओठ हलवल्यासारखे केले, आणि मग खरंच भिंतीकडे तोंड केलं. दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. बघितलं का, असा त्याचा चेहरा. मी त्याला शेताकडे पिटाळलं.

मग कामाला लागले. मराठीत म्हटलं, आई, झाडू कुठाय? त्यांनी चित्रावर बरोबर बोट ठेवलं. कंदील? बरोबर. पाणी काढायचं काय? बादलीवर बोट. मराठी पूर्ण समजत होती, एकही चूक नाही. मग झाडूचं चित्र धरून म्हटलं, हे काय, सांगा मला. त्यांनी तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. काही बाहेर येईना. त्यांनी मांडीवर हात आपटला, डोळे भरून आले, आणि त्यांनी माझ्याकडूनही भिंतीकडे तोंड फिरवलं. तेच वळणं, तीच मान. तो राग नव्हताच. शब्द येत नाही याची शरम होती ती, आणि मुलासमोर तर किती मोठी असेल.

महादेवीला म्हटलं, हेच चित्र तू दाखव, तुझ्या बोलीत विचार. तिने विचारलं. सोजरबाई लगेच म्हणाल्या, कसबरगी. आणि आम्हा दोघींकडे अशा पाहू लागल्या की एवढं सोपं कशाला विचारता.

मी महादेवीला विचारलं, घरात अजून कुणाशी त्या मराठीत बोलायच्या? तिने सांगितलं, उदगीरहून मावशी आल्या होत्या, सख्खी धाकटी बहीण. त्यांचा हात धरून सासूबाई दिवसभर रडल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. घरच्यांनी म्हटलं, मन भरून आलं असेल. बहिणीचा अर्थ मन भरलं, मुलाचा अर्थ राग. दोन्हीकडे हरवली होती ती मराठी, एवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण समोर बसून बोलणारी बाई मुकी आहे असं कुणाला वाटणार?

मातृभाषा सगळ्यात खोल रुजलेली, म्हणून ती सगळ्यात शेवटी जाणार आणि सगळ्यात आधी परत येणार, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तसं होतंही. पण मेंदूला इजा झाली की नंतर शिकलेली भाषा मोकळी होते आणि आईची भाषा अडकून पडते, असंही घडतं. का, याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही. पण घडतं, आणि इथे माझ्यासमोर घडलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दिगंबर परतला तेव्हा त्याला दाराबाहेर कडुनिंबाखाली गाठून सगळं सांगितलं. आईला तुझं सगळं समजतं. ती रागावलेली नाही. तिची मराठी आत आहे, फक्त बाहेर येत नाही. सरावाने काही शब्द परत येतील, तो सराव मी शिकवते. पण तोवर तू तिच्याशी कन्नडमध्ये बोल, म्हणजे तिलाही कन्नडमध्ये उत्तर देता येईल.

मला वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. तो उलट चिडला. आई मराठी विसरेलच कशी, तिनेच तर मला बोलायला शिकवलं. आणि तिच्याशी कन्नड? कन्नड तहसीलमध्ये बोलायची, बाजारात बोलायची. "आईशी कन्नड म्हंजे परक्यासारखं झालं की, मॅडम. हाय ते नातं बी जाईल." एवढं बोलून तो पुन्हा शेताकडे निघून गेला. मी पुण्याहून येऊन सांगितलं म्हणून माणूस आपल्या आईला अशी नव्याने हाक मारेल, हे मी फारच सहज धरून चालले होते.

महादेवीने जेवायला वाढलं. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. त्या भाजीला ती पुंडी पल्ल्या म्हणते. आमच्याकडे अंबाडीत तांदळाच्या कण्या घालतात, इथे तुरीची डाळ घालतात, आणि आमच्यापेक्षा ही भाजी चांगली होते हे मी निमूट कबूल करते. वाढता वाढता ती बोलत होती. या घरात आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. कोपऱ्यात बसून रडायची. सोजरबाईंना कन्नड यायची ती खुरपायला जाणाऱ्या बायकांकडून कानावर पडलेली, चार शब्द. त्या चार शब्दांवर त्या नव्या सुनेशी बोलायला लागल्या. चुकायच्या, मग दोघी हसायच्या. पुढे महादेवी मराठी शिकली, पण दोघींचं कन्नडच राहिलं.

दिगंबर उन्हं कलल्यावर आला. हातपाय धुऊन नेहमीप्रमाणे मागच्या खोलीकडे वळला. तो तिथेच एकटा जेवतो, आईला आपलं तोंड दिसू नये म्हणून. महादेवीने ताट त्याच्या हातात दिलं नाही. ताट धरूनच ती त्याला म्हणाली, तिच्या कन्नड हेलाच्या मराठीत:

"लोकाच्या पोरीसाठी तिनं आपली बोली बाजूला ठेवली. तुला तिच्यासाठी एक दिवस ठेवता येईना?"

 दिगंबर तसाच बाहेर आला आणि बाजेच्या पायथ्याशी बसला. सोजरबाईंनी मान भिंतीकडे वळवली होतीच. तो बराच वेळ टॉवेलची कड चुरगळत राहिला. अप्पांसारखाच, कानापर्यंत लाल. मला उठून जावंसं वाटलं, पण हलले तर तोही उठेल अशी भीती वाटली.

"अव्वा," तो म्हणाला. या घरात आईसाठीची ही कन्नड हाक त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. "अव्वा, चा कुडीतियेन?" चहा पितेस का, एवढंच.

सोजरबाईंनी मान वळवली. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओठ हलू लागले, आणि या वेळी शब्द आले.

"एल्लि होगिद्दी इष्ट दिन?"

इतके दिवस कुठे गेला होतास? एवढी कन्नड मलाही समजली.

"हितंच व्हतो की, आई," दिगंबर मराठीत म्हणाला.  तिला ते समजलं, आणि ते तिला अजिबात पटलं नाही. डावा हात उगारून तिने त्याला शब्दांनी झोडपायला सुरुवात केली. वाक्यं तुटत होती, मध्ये श्वास लागत होता, पण ती थांबत नव्हती. मी उठायच्या आत घराबाहेर पडतोस. मागच्या खोलीत बसून चोरासारखा जेवतोस. तूर किती झाली, कुणी मला सांगितलं? मी बोलत नव्हते, तर तू का बोलायचं सोडलंस? महादेवी चुलीपाशी उभी राहून मला एकेक वाक्य मराठीत सांगत होती, आणि सांगता सांगता रडत होती. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

दिगंबरने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. तिला दम लागला तेव्हा तो उठला, डोळे पुसले आणि सरळ कुंपणाच्या भिंतीपाशी गेला. इतके महिने ज्या गल्लीत तो मान खाली घालून चालत होता, त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने शेजारी दखनीत हाक दिली:

"बेगम आपा, जरा इधर आओ. अम्मा मेरे पो गुस्सा कर रई."